आधी सांधा बघा, मग पाना उचला

सायकलचा क्रँक काढायला कोणतं अवजार घ्यावं, हा काही राष्ट्रीय प्रश्न नव्हे, हे मला मान्य आहे. पण सायकल पुढची दहा वर्षं रस्त्यावर धावणार की जिन्याखाली गंजत पडणार, हे बऱ्याचदा ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. इथे हॉलंडमध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, त्यामुळे हा प्रश्न वारंवार समोर येतो. आणि भारतातल्या मित्रांशी, भाचरांशी बोलताना लक्षात येतं, की आता तो तिकडेही येऊ लागला आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितोय.

आधी क्रँक म्हणजे काय ते सांगून टाकतो. पेडल ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं तो दांडा म्हणजे क्रँक. एक डावा, एक उजवा. उजव्याला चेनचं दातेरी चक्र जोडलेलं असतं. हे दोन्ही दांडे मधल्या एक्सलवर घट्ट बसलेले असतात आणि तो एक्सल फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत छर्ऱ्यांवर फिरतो. त्या सगळ्या भागाला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिथून करकर आवाज यायला लागला, छर्रे झिजले, ग्रीस वाळलं, एक्सल हलायला लागला, की आत हात घालावाच लागतो. आणि आत जायचं दार म्हणजे क्रँक. तो निघाला तर काम अर्ध्या तासाचं. नाही निघाला तर सगळंच अडलं!

आता मुद्द्याचं. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, योग्य अवजार हे महागही नसतं आणि परदेशीही नसतं. तो सांधा ज्या युक्तीने घट्ट बसवला आहे, ती युक्ती उलटी करणारं अवजार म्हणजे योग्य अवजार. त्यामुळे दुकानात जाऊन "क्रँक काढायचं अवजार द्या" असं म्हणण्याला फारसा अर्थ नाही. सांधे पाच-सहा प्रकारचे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

हातोडी कुठे बरोबर असते

आपल्याकडच्या काळ्या, भरभक्कम सायकलीपासून सुरुवात करू. ती घडण मूळची इंग्लिश. तिचा क्रँक पोलादाचा आणि तो एक्सलवर बसतो कॉटर पिनने. ही पिन गोल असते, पण तिची एक बाजू तासून तिरकी सपाट केलेली असते. एक्सलला एक खाच असते. क्रँकमधून ही पिन आडवी आरपार घातली, की तिची सपाट बाजू त्या खाचेवर पाचरेसारखी दाबून बसते. दुसऱ्या टोकाला छोटा नट. डच भाषेत ह्या पिनेला 'स्पी' म्हणतात आणि इथल्या जुन्या आजोबा-आजी छापाच्या सायकलींवर ती अजून दिसते. म्हणजे सांगलीतली सायकल आणि इथली जुनी सायकल ह्या बाबतीत चुलत बहिणी आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्या काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पिंपळाखाली एक पेटी, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. काका कॉटर काढायचे तेव्हा आधी नट सैल करून पिनेच्या टोकाशी बरोबर आणायचे, म्हणजे फटका आट्यांवर न बसता नटावर बसेल. मग क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा एक तुकडा उभा ठेवायचे. नळीचं दुसरं टोक जमिनीवर. आणि मग एकच फटका. टुकटुक नाही, एकच. पिन नळीच्या पोकळीत उतरायची.

ही नळी म्हणजे त्या कामातली खरी अक्कल. ती नसेल तर फटक्याचं बळ क्रँकमधून एक्सलवर, एक्सलवरून छर्ऱ्यांवर जातं आणि छर्रे बसतात त्या वाटीवर खड्डे पडतात. नळी असेल तर ते बळ सरळ जमिनीत जातं. काकांनी यंत्रशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं, पण बळाचा मार्ग त्यांना बरोबर माहीत होता. जुन्या सायकल दुकानांत ह्याच कामासाठी कॉटर प्रेस नावाचं स्क्रूचं अवजार असायचं, जे फटका न मारता पिन दाबून बाहेर काढतं. ते जास्त चांगलं, ह्यात वाद नाही. पण नळी आणि हातोडी हेही ह्या सांध्यासाठी योग्य अवजार आहे. पाचर ठोकून बसते आणि ठोकून निघते.

तर हातोडीला सरसकट 'अडाणी' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. भांडण हातोडीशी नाही, ती कोणत्या सांध्यावर पडते आहे त्याच्याशी आहे.

पेल्यात अडकलेला पेला

१९३३ साली फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचा, कॉटर नसलेला क्रँक बाजारात आणला. त्याची कल्पना अशी: एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं. क्रँकमध्ये तसंच चौकोनी, निमुळतं भोक. मधोमध बोल्ट. बोल्ट आवळत गेलं, की क्रँक त्या निमुळत्या टोकावर वर वर सरकतो आणि घट्ट होत जातो. आज जगातल्या असंख्य साध्या आणि मध्यम सायकलींवर हाच सांधा आहे. पुण्यात-नाशकात मुलांसाठी गियरची सायकल घेतली असेल, तर तिच्यावर बहुधा हाच असणार.

इथे गंमत अशी, की बोल्ट पूर्ण काढून हातात घेतला तरी क्रँक जागचा हलत नाही. पहिल्यांदा हे काम करणारा प्रत्येक जण इथे चक्रावतो. पण हा अनुभव तुम्हाला घरचाच आहे. स्टीलचे दोन पेले एकात एक घालून ठेवले आणि वर कोणी जरा दाबले, की सकाळी निघता निघत नाहीत. तिथे बोल्ट कुठे असतो? निमुळत्या पृष्ठभागाचा कोन बारीक असला, की नुसतं घर्षणच त्याला धरून ठेवतं. सायकलच्या ह्या चौकोनाची प्रत्येक बाजू फक्त २ अंशांनी कललेली असते. २ अंशांचं टॅन्जंट साधारण ०.०३५. धातूवर धातूचं घर्षण ह्याच्या कितीतरी जास्त. म्हणजे सांधा स्वतःलाच कुलूप लावून बसतो. बोल्टचं काम फक्त दाबून बसवण्याचं आणि नंतर पहारा देण्याचं.

मग हा काढायचा कसा? पेल्याच्या बाबतीत आई आतल्या पेल्यात गार पाणी घालून बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते. क्रँकच्या बाबतीत रचनाकारांनी सोय आधीच करून ठेवली आहे. बोल्ट काढल्यावर जो खड्डा दिसतो, त्याच्या भिंतीला आतून आटे असतात. बोल्टसाठी त्यांचा काहीच उपयोग नाही. ते असतात केवळ पुलरसाठी. व्यास २२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. पुलरचा बाहेरचा भाग ह्या आट्यांत बसतो आणि त्याच्या मधून जाणारा दुसरा स्क्रू एक्सलच्या टोकाला ढकलतो. एक्सल कुठे जाणार? म्हणून क्रँक बाहेर येतो. आतला स्क्रू साध्या पान्याने ४० न्यूटन-मीटरने पिळला, तरी टोकाला टनभराच्या पुढचं बळ तयार होतं. एवढं बळ, आणि छर्ऱ्यांवर त्यातलं काहीच नाही! कारण ढकलणं आणि ओढणं दोन्ही त्या सांध्यातल्या सांध्यातच मिटतं.

हातोडीने नेमकं ह्याच्या उलट होतं. क्रँकच्या पाठीमागून ठोकलं, की सगळा मार छर्ऱ्यांवर आणि फ्रेमवर. शिवाय अ‍ॅल्युमिनियम नरम, त्यामुळे क्रँक आणि चक्र वाकतात ते वेगळंच.

ही युक्ती आपल्याकडे अनोळखी आहे असं मात्र कोणी समजू नये. कोणत्याही स्कूटर गॅरेजमध्ये जा, तिथे मॅग्नेट पुलर टांगलेला दिसेल. इंजिनाच्या निमुळत्या शाफ्टवर बसलेला मॅग्नेट त्यानेच काढतात, तत्त्व अगदी हेच. स्कूटरवाला मॅग्नेटवर हातोडी मारत नाही. मारली, तर उस्ताद त्याच्या टाळक्यात पाना घालेल. मग सायकलवरच का मारायची? कारण सायकल स्वस्त, तिला कोण विचारतो, ही आपली समजूत.

नाशिकचा मुलगा

आमच्या गावात मास्टर्स करायला आलेला नाशिकचा एक मुलगा आहे. आल्या आल्या इतरांसारखीच त्यानेही जुन्या बाजारातून एक सायकल घेतली, ९० युरोंना. महिन्याभराने त्याचा फोन.

"दादा, सायकलचा डावा दांडा हलतोय."

"बोल्ट आवळलास का?"

"आवळला ना. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुकानात विचारलं तर ते म्हणाले सगळं बदलावं लागेल, आणि मजुरीच सायकलच्या निम्मी. आता हातोडीने काढूनच टाकतो."

"अरे थांब, हातोडी खाली ठेव. आणि त्याच्यावर बसून कुठे जाऊ नकोस. संध्याकाळी येतो मी."

हे "बसून जाऊ नकोस" महत्त्वाचं. सैल क्रँकवर सायकल चालवली, की एक्सलचा पोलादी चौकोन क्रँकचं नरम भोक कुरतडून गोल करत जातो. एकदा भोक गोल झालं, की जगातलं कोणतंही अवजार ते परत चौकोनी करून देत नाही. आणि उभं राहून जोर लावताना क्रँक निसटला तर माणूस सरळ हँडलवर आदळतो. इथे सायकलींच्या शेजारून ट्राम जातात, तुमच्याकडे एसटी जाते.

संध्याकाळी पुलर लावला, पाच मिनिटांत क्रँक हातात. भोकाचे कोपरे गेलेले होते, एक्सल आणि छर्रे मात्र ठणठणीत. म्हणजे फक्त डावा क्रँक बदलायचा होता. नवा आणून बसवला, सायकल अजून पळते आहे. त्याने हातोडी चालवली असती, तर दुकानदाराचं म्हणणं खरं करून दाखवलं असतं एवढंच.

पुलर वापरतानाचे काही खाचखळगे आहेत, ते इथेच सांगतो. पहिला म्हणजे वॉशर. कधी कधी बोल्ट निघतो पण त्याच्या खालचं वॉशर ग्रीसमध्ये चिकटून खड्ड्यातच राहतं. मग पुलर एक्सलऐवजी वॉशरला ढकलतो, वॉशर क्रँकलाच अडतं, आणि आपण क्रँकला त्याच्यापासूनच ओढत बसतो. परिणाम एकच, आटे सोलून निघतात. टॉर्च लावून बघा. दुसरा, आटे साफ करा, थेंबभर तेल सोडा. तिसरा आणि सगळ्यात मोठा: पुलरचा बाहेरचा भाग हाताने, सरळ, शेवटपर्यंत आत बसला पाहिजे आणि त्या वेळी आतला स्क्रू पूर्ण मागे घेतलेला असला पाहिजे. दोन-तीन आट्यांवर टांगून पिळलं, की अ‍ॅल्युमिनियमचे आटे शेवयांसारखे बाहेर येतात. चौथा, जुनी फ्रेंच सायकल असेल तर थांबा. स्ट्राँगलाइटच्या जुन्या क्रँकचे आटे २३.३५ मिलिमीटरचे, टीए कंपनीचे २३ चे. त्यात २२ चा पुलर ढिला बसतो, आणि ढिला बसतो म्हणजे बसत नाही.

खड्ड्यात डोकावल्यावर काय दिसतं

हे सगळं झालं चौकोनी एक्सलचं. पण बोल्ट काढल्यावर आत चौकोनाऐवजी गोल, जाड, दातेरी एक्सल दिसला तर? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिमानोने ऑक्टालिंक नावाची आठ खाचांची रचना आणली. तिचं पेटंट शिमानोकडे. म्हणून क्रिस किंग, रेसफेस आणि ट्रूव्हॅटिव्ह ह्या कंपन्यांनी मिळून आयसिस नावाची दहा खाचांची खुली रचना काढली. दोन्ही एक्सल पोकळ, त्यांच्या तोंडाचं भोक मोठं. सगळ्यात दुर्दैवाची गोष्ट अशी, की क्रँकवरचे पुलरचे आटे मात्र तेच, २२ चे. म्हणजे चौकोनी एक्सलचा पुलर इथे छान बसतो, आणि त्याचं बारीक टोक सरळ एक्सलच्या पोकळीत घुसून आतले बोल्टचे आटे चिरडतं. इथे रुंद टोकाचा पुलर लागतो. आणि रुंद टोकाचा पुलर चौकोनी भोकातून आतच जात नाही. पार्क टूल कंपनी चौकोनीसाठी सीसीपी-२२ आणि दातेरीसाठी सीसीपी-४४ असे दोन वेगळे पुलर विकते, आणि दोन्ही टोकं एकातच हवी असतील तर सीडब्ल्यूपी-७. नावं पाठ करायची गरज नाही, बारीक टोक आणि रुंद टोक एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बाकीचे प्रकार भराभर. क्रँकच्या मुळाशी, पाठीमागच्या बाजूला दोन छोटे आडवे बोल्ट दिसले तर पुलरचा संबंधच नाही. ही शिमानोची हॉलोटेक-२ आणि तिच्यासारख्या इतरांची रचना. ५ मिलिमीटरच्या एलन कीने ते दोन बोल्ट सैल करा, प्लॅस्टिकच्या छोट्या चकतीसारख्या चावीने टोकाची टोपी काढा, मधली सुरक्षेची पट्टी उचला, क्रँक हाताने निघतो. काही क्रँकच्या बोल्टभोवती एक कडं बसवलेलं असतं. तिथे बोल्ट सोडवत गेलं की त्याचं डोकं कड्याला अडून क्रँक स्वतःच बाहेर ढकलला जातो. ते कडं म्हणजे कायमचा बसवलेला पुलरच, त्याला हात लावू नये. आणि अमेरिकेतल्या लहान मुलांच्या सायकलींवर दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेला दांडा असतो. तिथे डावं पेडल काढायचं, डावीकडचा नट सोडवायचा (हा उलट्या आट्यांचा, बरं का) आणि अख्खा दांडा तिरका करून बाहेर घ्यायचा. पुलर घेऊन तिथे गेलात तर लावायला जागाच सापडणार नाही.

म्हणजे बघा, सहा सांधे, आणि त्यातल्या फक्त दोघांना पुलर लागतो. तोही वेगवेगळ्या टोकाचा.

दोन टोकाच्या दोन सवयी

मला दोन प्रकारच्या लोकांशी वाद घालायचा आहे. एक म्हणजे तिकडचे जुगाडाचे भक्त. "आपल्याकडे काही लागत नाही हो, हातोडी आणि पाना, बस!" ह्या वाक्यात अभिमान असतो, पण हिशेब नसतो. सायकलवाल्या काकांची हातोडी हा जुगाड नव्हता. तो त्या सांध्याला साजेसा विचार होता. सांधा बदलला आणि हातोडी तीच राहिली, की मग तो जुगाड होतो. आणि त्याचा खर्च काका देत नाहीत, गिऱ्हाईक देतं. नाहीतर सायकल सोडून देतं.

दुसरे म्हणजे इकडचे पेटीभक्त. क्रँक सैल झाला, की हे तीस-चाळीस अवजारांची चकचकीत पेटी मागवतात. त्यातली पंचवीस कधीच वापरली जात नाहीत, आणि जो पुलर असतो तो नेमका नरम लोखंडाचा. अवजार विकत घेतलं म्हणजे ज्ञान विकत घेतलं, असा हा गोड गैरसमज. चौकोनी एक्सलवाल्याला एक चांगला पुलर, एक १४ मिलिमीटरचा पाना किंवा ८ मिलिमीटरची एलन की (बोल्ट असेल त्याप्रमाणे) आणि एक टॉर्च एवढंच लागतं.

शिवाय काढणं हे अर्धंच काम आहे, हे दोघेही विसरतात. परत बसवताना बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. हा आकडा हाताच्या भाषेत सांगायचा तर २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा भार. म्हणजे दोन बोटांनी नाही आणि पान्यावर उभं राहूनही नाही. बरेचसे सैल क्रँक काढण्याच्या नाही, बसवण्याच्या आळसातून सैल झालेले असतात.

इथल्या समाजाकडे बघितलं तर अवजार आणि माणूस ह्यांचं नातं कसं बदलतंय तेही दिसतं. इथे मजुरी महाग, म्हणून पूर्वी घरोघरी सायकल दुरुस्त करत. पुलरला डचमध्ये 'क्रँकट्रेकर' म्हणतात, म्हणजे अक्षरशः क्रँक ओढणारा. आता उलटा प्रवाहही आहे. २०१४ साली डेल्फ्टमध्ये स्वॅपफीट्स नावाची कंपनी सुरू झाली. महिन्याला ठरावीक पैसे द्या, निळ्या पुढच्या टायरची सायकल घ्या, बिघडली की त्यांचा माणूस येऊन दुरुस्त करतो किंवा बदलून देतो. सोयीचं आहे, विद्यार्थ्यांना आवडतं, आणि नादुरुस्त सायकल फेकण्यापेक्षा नक्कीच बरं. पण त्यात खड्ड्यात डोकावून बघायची वेळच येत नाही. दुसरीकडे २००९ साली मार्टिने पोस्टमा ह्या बाईंनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला, आणि आता ते अनेक देशांत भरतात. तिथे तुम्ही बिघडलेली वस्तू घेऊन जायचं, जाणकार स्वयंसेवक अवजारं घेऊन बसलेले असतात आणि वस्तू तुमच्यासमोर, तुमच्या मदतीने दुरुस्त होते. मला ही दुसरी वाट जास्त पटते. कारण तिथे अवजार एकाचं असतं, उपयोग शंभरांना होतो, आणि परत जाताना माणूस काहीतरी शिकून जातो.

मग तुम्ही काय करावं

भारतात गेल्या वीसेक वर्षांत गियरच्या सायकली भरपूर आल्या, पण त्यांच्या पोटातली अवजारं त्याच वेगाने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचली नाहीत. दोष त्या दुकानदाराचा नाही. पंक्चरच्या पैशात घर चालवणाऱ्याने गिऱ्हाईक येईल की नाही हे माहीत नसताना पाच प्रकारचे पुलर का घेऊन ठेवावेत? सायकल विकणाऱ्या मोठ्या दुकानाने ती जबाबदारी घ्यायला हवी होती. विकताना घंटी आणि स्टँड फुकट देतात, त्याऐवजी "ह्या सायकलचा क्रँक अमुक प्रकारचा आहे, अमुक अवजाराने निघतो" एवढं एका चिठ्ठीवर लिहून दिलं तरी उपकार होतील.

ते होईपर्यंत एक सोपा उपाय आहे. सायकल घेतानाच विचारा, "हा क्रँक कशाने निघतो?" विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर टोपी काढून स्वतः बघा. चौकोनी एक्सल असेल तर उत्तमच, तो जुना आहे, साधा आहे, आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. त्याचा पुलर काही शे रुपयांत येतो. तुमच्या सोसायटीत वीस सायकली असतील तर वीस पुलर नकोत, एक पुरे. तो वॉचमनच्या खोलीत ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला नेऊन द्या आणि एकदा त्याच्याबरोबर उभं राहून वापरून बघा. ज्याने आयुष्यभर कॉटरखाली नळी धरली आहे, त्याला हा पुलर समजायला पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. कदाचित तोच तुम्हाला वॉशरची आठवण करून देईल.

आपल्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या सायकली एकदा बघून या. कित्येकींचे टायर चांगले असतात, फ्रेम चांगली असते, फक्त एक क्रँक डुगडुगत असतो. त्यांना नवी सायकल नको आहे. त्यांना कोणीतरी टोपी काढून आत बघणारा हवा आहे, आणि २२ मिलिमीटरचे आटे असलेला एक लोखंडाचा तुकडा.